घासलेला स्क्रू कसा काढायचा आणि नवा कसा बसवायचा



होडीचं इंजिन आपण जिवापाड जपतो, पण मासळी गिऱ्हाइकापर्यंत पोचवते ती मोटरसायकल. मिसरोदकडच्या मंडळींना हे सांगायला नको. एका बाजूला भोपाळ शहर, दुसऱ्या बाजूला मंडीदीप, आणि मधला नर्मदापुरमचा रस्ता रोज तुडवायचा. गाडी एक सकाळ उभी राहिली तर बर्फ काही थांबत नाही.

गाडी उभी राहायला मोठं कारण लागतं असंही नाही. एका स्क्रूची मुंडी घासली की काम अडतं. सगळ्यात धोक्याचे म्हणजे डिस्क ब्रेकच्या हँडलवरच्या ऑइल डबीचे दोन छोटे स्क्रू. ते निघत नाहीत म्हणून ऑइल न बदलताच गाडी चालवली जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनं ऑइल तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ब्रेक पोकळ लागतो. मागे भरलेली पेटी असताना असं होणं परवडणारं नाही. म्हणून आजचा हा धडा.

स्क्रू घासतो का?

पहिलं कारण गंज. स्क्रू लोखंडाचा, कव्हर ॲल्युमिनियमचं. दोघांमध्ये ओल राहिली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी तयार होते आणि स्क्रू आवळला जातो. समुद्रावरच्या बोटवाल्यांना हे माहीत आहे. बोटीच्या बुडाला जस्ताचा ठोकळा लावतात, तो स्वतः झिजतो आणि बाकीचं लोखंड वाचतं. इथे झिजतं ते आपल्या गाडीचं कव्हर. खाऱ्या हवेत हे लवकर होतं, पण मिसरोदसारख्या गोड्या पाण्याच्या भागातही पाऊस, चिखल आणि पेटीतून ठिबकणारं पाणी तेच काम करतं, फक्त सावकाश.

दुसरं कारण चुकीचा स्क्रूड्रायव्हर. १९८० च्या दशकात होंडा, सुझुकी, यामाहा, कावासाकी यांच्या भागीदारीत भारतात गाड्या बनू लागल्या. त्या जुन्या गाड्यांवर जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस स्टार स्क्रू असतात. दुकानात सहसा मिळतो तो फिलिप्स स्टार. दोन्ही दिसायला सारखे, पण फिलिप्सचं टोक जपानी खाचेत पूर्ण तळाला बसत नाही. जोर लावला की वर सरकतं आणि खाच खातं. मुंडीवर खाचेच्या बाजूला बारीक ठिपका दिसला तर तो बहुधा जपानी स्क्रू समजा आणि जेआयएस टोकाचा ड्रायव्हर वापरा. तो फिलिप्स स्क्रूलाही चालतो.

काढायचं कसं?

नियम एकच: ड्रायव्हर पहिल्यांदा घसरला की थांबा. आणखी चार वेळा फिरवून बघितलं तर सोपं काम अवघड होतं. मग खालच्या क्रमाने जा.

१. खाचेतला चिखल सुईने किंवा खिळ्याने काढा. गंज सोडवणारं तेल मारा आणि शक्यतो रात्रभर मुरू द्या.

२. ड्रायव्हर सरळ धरून त्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार बेताचे ठोके द्या. गंजाची पकड सुटते आणि टोक खाचेत खोल बसतं. मग फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त जोर लावा.

३. खाच थोडी खाल्ली असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा. डिझेल इंजिनचं काम करणाऱ्याकडे ती असतेच. तिच्या बारीक कणांमुळे पकड मिळते.

४. इंजिन कव्हरच्या मोठ्या स्क्रूला इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. हातोडा मारला की तो दाबतो आणि फिरवतोही. दिशा उघडायच्या बाजूला आहे ना, हे आधी बघा. ब्रेकच्या डबीवर मात्र हा वापरू नका, ती पातळ ओतीव असते, तडकते.

५. मुंडी वर आलेली असेल तर व्हाइस ग्रिपने घट्ट पकडून फिरवा.

६. काहीच चाललं नाही तर मुंडी ड्रिलने उडवा. एम६ स्क्रूला साधारण साडेसहा मिलिमीटरचं, एम४ ला साडेचार मिलिमीटरचं ड्रिल. आधी मधोमध पंच मारा. मुंडी गेली की ताण सुटतो, कव्हर उचलता येतं आणि उरलेला दांडा पकडीने बऱ्याचदा सहज निघतो.

बारीक स्क्रूत ईझी-आउट घालू नका. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही. पेट्रोल टाकी, कार्ब्युरेटर किंवा ब्रेक ऑइलजवळ आग लावून स्क्रू तापवू नका. ब्रेकची डबी उघडण्याआधी आजूबाजूचा चुरा पुसून घ्या. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग सोलवटतो.

नवा बसवताना

कव्हरचे सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. थर्माकोलच्या पेटीच्या झाकणावर कव्हरचा आकार काढा आणि निघेल तो स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर कव्हर फुटतं, आखूड स्क्रू लांब भोकात गेला तर आटे उपटतात.

जुना स्क्रू दुकानात सोबत न्या. इंजिन कव्हरला बहुतेक एम६, आट्यांचं अंतर १ मिलिमीटर. स्टारऐवजी एलन किंवा षटकोनी मुंडीचा घ्या, पुढच्या वेळी त्रास नाही. ब्रेकच्या डबीला मात्र मूळचाच प्रकार घ्या, कारण मुंडी झाकणात बसावी लागते. स्टेनलेस गंजत नाही, पण ॲल्युमिनियमला खाण्याचा धोका त्यातही आहे. म्हणून आट्यांना थोडं ग्रीस किंवा अँटी-सीझ लावाच.

आधी सगळे स्क्रू हाताने तीन-चार आटे फिरवा. अडला तर बाहेर काढून पुन्हा सरळ लावा. मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एम६ ला १० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर. पान्याला पाइप लावायचा नाही.

कव्हरमधले आटेच गेले असतील तर एम-सील भरून वेळ मारून नेऊ नका. लेथवाल्याकडून हेलिकॉइल बसवून घ्या. स्टीलचे नवे आटे पडतात आणि कव्हर वाचतं.

पावसाळ्याआधी एक दिवस काढा. ब्रेकच्या डबीचे दोन स्क्रू आणि कव्हरचे स्क्रू एकेक करून सोडा, ग्रीस लावा, परत बसवा. जो स्क्रू आज हाताने सुटतो, तो भर मोसमात पहाटे तुम्हाला अडवणार नाही.