उंबऱ्यावर साल नाही, मग घराचं वय कसं काढायचं?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. त्याने तिथल्या एका जुन्या गल्लीचे फोटो पाठवले. लाकडी चौकटींची घरं, आणि दारावरच्या तुळईवर बांधल्याचं साल कोरलेलं! आमच्या जुन्या गल्लीतही माळवदाची घरं आहेत. आजोबांना विचारलं की ते ‘लई जुनं’ एवढंच म्हणायचे. अशा घराचं वय काढता येतं का?
– एक वाचक, साखरा (जि. हिंगोली)

उत्तर : येतं. त्यांची घरं वय दारातच सांगून मोकळी होतात, आपल्या घराला ते विचारून घ्यावं लागतं, एवढाच फरक.

आधी एक गंमत. जर्मनीतल्या त्या बांधणीला ‘फाखवेर्क’ म्हणतात. ‘फाख’ म्हणजे खण, ‘वेर्क’ म्हणजे काम. लाकडाचा सांगाडा उभा करायचा आणि मधले खण काटक्या व गवत मिसळलेल्या मातीने भरायचे. क्वेडलिनबुर्ग हे अशाच घरांचं गाव १९९४ साली जागतिक वारसा यादीत गेलं. आपणही घर खणांतच मोजतो: दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. छपराचा भार खांब-तुळयांवर. फरक छपराचा. तिकडे बर्फ घसरून जावं म्हणून उतार, इकडे कडीपाटावर मातीचा जाड थर, म्हणजे उन्हाळ्यात खाली गारवा आणि वर कुरडया वाळवायला जागा.

आता वयाचं. सुरुवात दारापासून करा. गणेशपट्टीवर बहुधा गणपतीच असतो, साल नसतं. तरी तेला-धुराचा थर पुसून एकदा नीट पाहा. आकडा सापडला तर तो कोणत्या गणनेतला हे ठरवा. शके असेल तर ७८ मिळवा: शके १८३० म्हणजे इ.स. १९०८. संवत असेल तर ५७ वजा करा. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या खरेदीखतावर फसली साल असण्याचा संभव जास्त. त्यात ५९० मिळवा: फसली १३४० म्हणजे १९३०-३१. कागद उर्दूत किंवा मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने लावू नका.

कागदानंतर लाकूड. खांबाला हात लावून फिरा. ज्यात काहीच बसवलेलं नाही अशी रिकामी खाच दिसली, तर तो खांब आधी दुसऱ्या कुठल्या घरात उभा असणार. सागवान महाग, जुनं घर उतरवलं की लाकूड नव्याला लावायची रीतच होती. म्हणजे खांब घरापेक्षा जुना!

आणि माती त्याहून जुनी. माळवदावर टाकतात ती पांढरी माती. गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेलाच आपण ‘पांढरी’ म्हणतो, शेतीची ती ‘काळी’. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडक्या भिंती मुरून ती माती बनलेली. छपराच्या मातीत खापराचा किंवा बांगडीचा तुकडा निघाला, तर तो कदाचित घर बांधणाऱ्याच्याही कितीतरी आधीच्या बाईचा असेल. म्हणून एकच आकडा धरून बसू नका. कागद, लाकूड आणि माती तिघांची वयं वेगळी निघतात.

याच मातीची दुसरी बाजूही सांगायला हवी. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी दर वर्षी नवा थर पडतो, जुना कोणी काढत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि हे ओझं माणसांवर कोसळलं, हजारो जीव गेले. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाची धास्ती बसली आणि स्लॅब आले. तुमचं घर राहतं असेल तर वरचा जादा थर उतरवून घ्या, आणि खांबांचे बुंधे वाळवीसाठी तपासा.

पाडायचंच ठरलं असेल, तर आधी एक वही करा. खण किती, ढाळज कुठे, बळद कुठल्या भिंतीत, सोप्यावर कोण बसायचं, हे सगळं गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, फोटो चिकटवा. आणि वहीवर तारीख टाका. निदान ती तरी पुढे कुणाला शोधत बसावी लागू नये.