घरातील स्वरभांडार : त्याची वीज आणि त्याचे घर



ग्वाल्हेरचे नाव निघाले की ख्यालगायकीची आठवण होते आणि हद्दूखाँ व हस्सूखाँ या बंधूंची नावे ओठांवर येतात. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१), अशा परंपरेने ही विद्या येथून महाराष्ट्रात गेली व तेथून सर्व देशात पसरली. परंतु प्रत्यक्ष हद्दूखाँचा आवाज कसा होता, हे आज कोणासही सांगता येणार नाही. ते १८७५ साली निवर्तले आणि एडिसनने ध्वनिलेखनाचे यंत्र सिद्ध केले ते १८७७ साली. अवघ्या दोन वर्षांचे अंतर!

याउलट विष्णु दिगंबरांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुस्कर १९५५ साली केवळ चौतिसाव्या वर्षी गेले. पण त्यांचे गाणे तबकड्यांत राहिले. याच नगरीतील कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांची गायकीही आपण आज ध्वनिमुद्रणांतून ऐकू शकतो. जे जपले ते उरले, जे जपले नाही ते गेले, एवढाच याचा अर्थ.

थोरामोठ्यांचे स्वर जपावयास संस्था असतात. परंतु आपल्या घरचे काय? लष्करातील कितीतरी मराठी घरांत जुन्या कॅसेटी पडून आहेत. एखादीत आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या असतात, एखादीत गणेशोत्सवात आजोबांनी गायिलेले पद, एखाद्या चित्रफितीत आत्याचे लग्न. या वस्तू कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. कॅसेटीची फीत वर्षानुवर्षे चिकटते, ताणते, विरते. म्हणून आज अनेक कुटुंबे हा ठेवा संगणकात उतरवून घेऊ लागली आहेत. ज्या एका संगणकात अनेक हार्ड डिस्क बसवून घरातील सर्व गाणी, चित्रे व चित्रपट साठवितात आणि घरातील कोणासही आपापल्या खोलीत ते ऐकता-पाहता येतात, त्यास घरगुती सर्व्हर म्हणतात. त्यास वीज कशी द्यावी व त्यास कोठे ठेवावे, याचा विचार आपण या पाठात करू.

साठा किती लागतो?

प्रथम थोडे गणित. उत्तम प्रतीच्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदास ४४,१०० वेळा आवाजाचे मोजमाप होते. डावा व उजवा असे दोन भाग आणि प्रत्येक मोजमापास १६ बिट धरले, तर एका तासास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे ४ टेराबाइटच्या एका डिस्कवर सुमारे ६,३०० तासांचे गाणे मावेल. मग अनेक डिस्क कशासाठी? तर दृश्यांसाठी. डीव्ही प्रकारच्या लहान कॅसेटीतील एक तासाचे चित्रण सुमारे १३ गीगाबाइट जागा घेते. अशा शंभर कॅसेटी म्हणजे १,३०० गीगाबाइट झाले. त्यात जुन्या छायाचित्रांच्या प्रती, मोबाइलवरील चित्रणे आणि प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत मिळवा. आठ डिस्कही पाहता पाहता भरतात.

हार्ड डिस्क ही काही आजची वस्तू नव्हे. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, यंत्राचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात मावत होती अवघी पन्नास लाख अक्षरे. आजची डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेच आहे. चकती गरगर फिरते, मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० वेळा, आणि वाचणारे टोक चकतीस स्पर्श न करता केसाच्या जाडीच्या हजारो पट लहान अंतरावरून तिच्यावर तरंगत असते. एवढे नाजूक यंत्र अहोरात्र चालवावयाचे, म्हणून त्याच्या अन्नाची व निवाऱ्याची काळजी घेणे अगत्याचे ठरते.

वीज

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते. डिस्कला हवी असते १२ व ५ व्होल्टची. हे रूपांतर करणाऱ्या डब्यास एसएमपीएस म्हणतात. तो केवढा घ्यावा? येथे पुष्कळांचा हिशेब चुकतो.

स्थिर पडलेला जड दगडी रोळ ओढू लागताना बैलास जो जोर लावावा लागतो, तो रोळ चालू लागल्यावर लागत नाही. डिस्कचेही तसेच आहे. चालू असताना मोठ्या डिस्कला सुमारे ७ वॅट पुरतात. पण स्तब्ध चकती फिरू लागण्याच्या पहिल्या काही सेकंदांत १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट लागतात. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर ८ × २४ = १९२ वॅट झाले; त्यात मूळ संगणकाचे ६० वॅट मिळविले की २५२. ५ व्होल्टच्या तारेचा भार व थोडा मोकळा पदर धरून ४०० ते ४५० वॅटचा चांगल्या प्रतीचा एसएमपीएस घेणे शहाणपणाचे. काही यंत्रांत डिस्क एकामागून एक सुरू करण्याची सोय असते. ती असल्यास अवश्य वापरावी.

तारांकडेही लक्ष हवे. डिस्कला वीज देणाऱ्या साटा जोडणीतून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त साडेचार अँपिअर वाहू शकतात. सुरुवातीस प्रत्येकी २ अँपिअर धरले, तर अशा एका जोडणीस फाटा फोडून दोनच डिस्क लावता येतील; तिसरी लावली की मर्यादा ओलांडली. एका तोंडास चार-पाच फाटे फोडणाऱ्या स्वस्त तारा म्हणूनच टाळाव्यात; त्यांची जोडणी तापून वितळते आणि कधी पेटही घेते. भिंतीतील प्लग तीन टोकांचा असावा व त्याचे अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचलेले आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

आता खर्च. सुरू झाल्यावर आठ डिस्कना ५६ वॅट व बाकीच्या भागांना ३४, असे ९० वॅट लागतात असे समजू. एसएमपीएस स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवितो. त्याची कार्यक्षमता शेकडा ८५ धरली तर भिंतीतून सुमारे १०६ वॅट खेचले जातील. चोवीस तासांत अडीच युनिट, महिन्यास सुमारे ७६ युनिट. जुन्या छतपंख्यास सुमारे ७५ वॅट लागतात, हे लक्षात घेता हा भार जवळजवळ दीड पंख्याएवढा झाला. आपल्या घरच्या बिलातील दर घेऊन महिन्याचा खर्च किती येईल, ते विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे.

वीज गेली तर?

समजा, ग्रंथपाल पुस्तक एका कपाटातून दुसऱ्यात हलवीत आहे. पुस्तक हलविले, पण नोंदवहीत लिहिण्याआधीच दिवे गेले. पुस्तक आहे, पण कोठे आहे हे कोणासच ठाऊक नाही. लिहिणे चालू असताना वीज गेली म्हणजे डिस्कवर असाच गोंधळ होतो. म्हणून मध्ये यूपीएस हवा. त्याचे काम रात्रभर यंत्र चालविणे हे नव्हे. संगणकाने हातातील काम पुरे करून शांतपणे बंद व्हावे, एवढी काही मिनिटे मिळवून देणे हे आहे. यूपीएसपासून संगणकास एक यूएसबी तार जोडली, की वीज गेल्याची सूचना त्यास मिळते आणि घरी कोणी नसले तरी तो आपोआप बंद होतो. यूपीएसच्या खोक्यावर ६०० व्हीए लिहिलेले असले, तरी त्यातून बहुधा ३६० वॅटच मिळतात, हेही ध्यानी असावे. घरचा इन्व्हर्टर या कामी वापरावयाचा, तर तो शुद्ध साइन वेव्हचा असणे बरे.

घर

माझे आजोळ गोव्याचे. तिकडे समुद्रकाठच्या दमट हवेत फितींवर बुरशी धरते व लोखंडास गंज चढतो. ग्वाल्हेरचे शत्रू निराळे. येथे ऊन आणि धूळ. मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पेटीतील डिस्क खोलीपेक्षा सहज आठ-दहा अंशांनी अधिक तापते, आणि बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते. म्हणजे ४२ अंशांच्या खोलीत ती ५२ वर जाणार; वारा अडला तर मर्यादेस भिडणार. डिस्क ४५ अंशांच्या आत राहील तर उत्तम.

त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात. यंत्राची पेटी अशी निवडावी की तिच्या पुढच्या बाजूस डिस्कसमोरच मोठे पंखे बसतील. हवा पुढून आत यावी, डिस्कांमधून वाहावी व मागून बाहेर जावी. दोन डिस्कांमध्ये बोटभर फट असावी. आत घेणाऱ्या पंख्यांवर बारीक जाळी लावावी व ती दर पंधरवड्यास झटकावी. लू वाहू लागली की आठवड्यास. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक असली, तर फटींतून धूळ शिरत नाही. डिस्कच्या स्क्रूंखाली रबराच्या चकत्या घालाव्यात, म्हणजे एकीचा कंप दुसरीस बाधत नाही. साध्या डिस्कच्या अंगावर श्वासासाठी एक सूक्ष्म छिद्र असते. त्यावर कागदी चिठ्ठी चिकटवू नये.

जागा कोणती? जुन्या वाड्याची जाड दगडी भिंत दिवसभर थंड राहते. तिच्या आतल्या बाजूची, उत्तरेकडची, हवेशीर खोली सर्वांत चांगली. गच्चीखालची खोली टाळावी. पेटी जमिनीपासून वीतभर उंच, लाकडी चौरंगावर ठेवावी. म्हणजे पावसाळ्यात फरशीवर आलेले पाणी व केरसुणीची धूळ दोन्ही चुकतात. कूलरच्या तोंडासमोर मात्र ठेवू नये. ती हवा गार असली तरी पाण्याचे शिंतोडे आणते. लोखंडी कपाटात कोंडू नये. आणि आपल्या घरांतून दूरदर्शनसंचावर विणलेला रुमाल घालण्याची जी हौस आहे, ती या यंत्रावर पुरवू नये!

मरण आणि प्रती

इतके करूनही प्रत्येक डिस्क कधी ना कधी मरते. म्हणून एक सुंदर युक्ती योजतात. समजा, तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ हे अंक आहेत. चौथीवर त्यांची बेरीज २० लिहून ठेवली. आता दुसरी डिस्क मेली. तर २० मधून ७ आणि ९ वजा करा, हरवलेला ४ परत मिळाला. यंत्र साध्या बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब ठेवते, पण मर्म हेच. आठ डिस्कांत एक अशी बेरजेची ठेवली, तर कोणतीही एक गेली तरी काही हरवत नाही. मात्र दोन गेल्या तर ही युक्ती चालत नाही. शिवाय कोणी चुकून एखादे गाणे पुसले, तर बेरीजही निमूटपणे बदलते; आग लागली तर आठही एकत्र जळतात.

म्हणून बेरजेवर विसंबून न राहता प्रती कराव्यात : एक सर्व्हरवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर उतरवून वीज काढून कपाटात, आणि तिसरी इंदूर-पुण्याच्या नातलगाकडे. चुंबकीय नोंद राहावयास वीज लागत नाही. ती वाचावयास लागते. कपाटातील डिस्क वर्षातून दोनदा लावून पाहावी, एवढे पुरे. प्रत्येक मुद्रणास नावही द्यावे : कोण गात आहे, कोठे, कोणत्या साली. हे सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवरच ते लिहून घेतले पाहिजे; आवाज उरला आणि तो कोणाचा हे विसरले गेले, तर अर्धा ठेवा बुडाला.

गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा भैरवीचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीतून अवकाशात गेला. तो जपावयास एक मोठा देश पुढे आला. आपल्या आजीच्या ओव्या जपावयास असे कोणी येणार नाही. ते काम तुमचेच. येत्या सुट्टीत घरातील कॅसेटींची एक यादी करा व प्रत्येकीपुढे वडीलधाऱ्यांना विचारून नाव आणि साल लिहा. यंत्र पुढे सावकाश येईल. यादी मात्र आजच सुरू करता येईल.