रात्रीची थकबाकी

महसूल खात्यात ज्याने उमेदीची एकतीस वर्षे घालवली, त्याला थकबाकी या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. मुदतीत न भरलेला सारा आपोआप माफ होत नाही. तो पुढच्या हप्त्यावर चढतो, त्यावर दंड बसतो, आणि ज्या दिवशी खातेदाराच्या गाठीला सर्वांत कमी पैसा असतो, नेमका त्याच दिवशी तगाद्याचा कागद त्याच्या दारी येऊन उभा राहतो. असे कागद मी स्वतःच्या हाताने हजारोंनी लिहिले; परंतु हाच व्यवहार माझ्या देहात रोज मध्यरात्री चालू आहे, हे माझ्या ध्यानी येण्यास वयाची बावन्न वर्षे उलटावी लागली, आणि तोवर दंडाची रक्कम बरीच मोठी झाली होती.

त्याआधी काही वर्षे घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी माझी अव्वल कारकून म्हणून बदली झाली. मुलांच्या शाळा मोडू नयेत म्हणून बिऱ्हाड साताऱ्यास ठेवून मी तेथे एका खोलीत एकटाच राहू लागलो. सकाळी चहा आणि दोन खाऱ्या, एवढ्यावर कचेरी गाठायची. खाणावळीतून एक वाजता येणारा डबा, समोरची माणसे हटली की उघडू, म्हणून तीन वाजेपर्यंत तसाच ठेवायचा. मधल्या काळात चहा मात्र जितक्या वेळा समोर येईल तितक्या वेळा घ्यायचा. सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाकाठी साठ ग्रॅम साखर, हा हिशेब पुढे केला. तेव्हा त्यात गैर काही वाटत नव्हते, उलट जेवणाची शुद्ध न राहता काम करणे हे कर्तव्यनिष्ठेचे लक्षण वाटत असे. रात्री साडेनवाला चपात्या, बटाट्याची भाजी, पाणीदार आमटी आणि भात. आणि साडेअकराच्या सुमारास, कंदिलाची वात वाढवावी तशी, पोटात भूक वाढू लागे.

त्या भुकेसाठी खोलीत एक स्टीलचा डबा होता. त्यात कधी शेव, कधी फरसाण, कधी साताऱ्याहून येताना आणलेले कंदी पेढे असत. दफ्तर पुढ्यात उघडे, उजव्या हातात लेखणी आणि डावा हात डब्यात, अशा बैठकीत पाव किलो फरसाण दोन रात्रींत संपे. शंभर ग्रॅम तळलेल्या फरसाणात सुमारे साडेपाचशे कॅलरी असतात. तेव्हा रात्रीचे जेवण झाल्यावर मी रोज तीनएक भाकऱ्यांचे इंधन, तेही तेल आणि मीठ यांनी माखलेले, पोटात लोटून लगेच आडवा होत होतो. छातीत जळजळे, मग औषधांच्या दुकानातून आम्लपित्ताची गोळी आणून घ्यायची. हे असे तीन वर्षे चालले.

मार्चअखेरच्या वसुलीच्या दिवसांत एका रात्री अडीच वाजता गळ्याशी आंबट, जळते पाणी येऊन मी गुदमरून जागा झालो. छाती आवळल्यासारखी झाली, घाम फुटला. शेजाऱ्यांनी मोटार काढून दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. पण येथे वाचकांना कळकळीने सांगतो की, अशा वेळी ‘पित्त असेल’ असे स्वतःच ठरवून कोणीही घरी पडून राहू नये. ते पित्तच होते हे मला आलेख काढल्यावर समजले, आधी समजणे शक्य नव्हते.

त्याच वेळी काढलेल्या रक्तात उपाशीपोटीची साखर 138 आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीए१सी 7.4 आला. उपाशीपोटी 126 आणि सरासरीचा आकडा 6.5 येथून मधुमेहाची हद्द सुरू होते. माझ्या घराण्यात मधुमेह होता, म्हणून सगळाच दोष फरसाणाच्या डब्यावर टाकणार नाही. पण वाट त्या डब्याने सुकर केली, यात शंका नाही.

तेथील वयोवृद्ध डॉक्टरांनी रात्री काय खाता असे विचारले नाही. “काल दुपारी तीन वाजेपर्यंत पोटात काय काय गेले, ते क्रमाने सांगा,” असे ते म्हणाले. मी सांगितले. “मग रात्री भूक लागली नसती, तरच मला नवल वाटले असते,” एवढे बोलून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. माझ्या पुढच्या सर्व आयुष्याला वळण लावणारे तेच वाक्य होते. परंतु ते मुरायला वेळ लागला, आणि दरम्यान मी आणखी एक चूक केली, तीही नमूद करणे प्राप्त आहे.

घरी आल्यावर मी रात्रीचे खाणे एकदम बंद करण्याचा निश्चय केला. डबा रिकामा करून पालथा घातला आणि जेवणही निम्म्यावर आणले. सात दिवस निभावले. आठव्या रात्री एक वाजता उठून, शेजारच्या घरातून प्रसाद म्हणून आलेले पेढे मी उभ्याउभ्या, दिवाही न लावता संपवले. त्या रात्री मला जी शरम वाटली, ती अनेकांना वाटत असते आणि ते कोणाशी बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून निक्षून सांगतो: हा मनोनिग्रहाचा प्रश्न नव्हता. दिवसभराचे देणे मी चुकवले नव्हते, उलट रात्रीच्या हप्त्यातही कपात केली होती. तगादा अधिक कडक झाला तर त्यात आश्चर्य ते काय?

त्यानंतर मला जे काम येत होते तेच मी केले. एक वही घेतली आणि महिनाभर कीर्द लिहिली: वेळ, पदार्थ, अदमासे वजन, आणि शेवटच्या रकान्यात, रात्री भूक लागली किंवा नाही. महिनाअखेर खतावणी मांडून पाहिली तेव्हा गोष्ट स्वच्छ दिसली. ज्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोटभर न्याहारी झाली आणि सायंकाळी पाचच्या सुमारास चहाबरोबर काही घट्ट पोटात गेले, त्या रात्री डब्याची आठवण क्वचितच झाली. एकादशीची रात्र मात्र प्रत्येक वेळी वाईट गेली. कारण उघड आहे, साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिन नावापुरते, आणि माझा उपवास म्हणजे खिचडीची परात. आता उपवासाला मी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी घेतो, शिवाय दूध. वरी मोजून, कारण तीही पिष्टच.

तेव्हा रात्रीच्या भुकेचा बंदोबस्त करायचा तो सायंकाळी पाच वाजता, हे माझे म्हणणे आहे, आणि इतर सर्व गोष्टी त्यामागून येतात. दुपारचे जेवण एकला आणि रात्रीचे नऊला, ही आठ तासांची दरी कोणत्याही चहाने भरत नाही. साखरेचा चहा तासाभराची तरतरी देतो आणि मागे अधिक मोठा खड्डा ठेवतो. मी पाच वाजता मूठभर फुटाणे सालासकट खातो, सोबत एखादा पेरू. तीस ग्रॅम फुटाण्यांत पाच-सहा ग्रॅम प्रथिन आणि भरपूर चोथा असतो; ते चावावे लागतात, वेळ घेतात, आणि पोटात रेंगाळतात. मोड आलेली मटकी वाफवून कांदा-लिंबू घालून खाल्ली तरी तेच काम होते. ज्यांना दातांनी फुटाणे झेपत नाहीत, त्यांनी मुगाचे कढण प्यावे. हे पदार्थ नवे नाहीत. त्यांना दारिद्र्याचे खाणे समजून आपण घराबाहेर घालवले आणि पाकिटातली बिस्किटे आत घेतली, ही मला फार दुःखाची गोष्ट वाटते. ‘पचनास हलकी’ म्हणून विकली जाणारी बिस्किटेही बहुधा पीठ, साखर आणि तेल यांचीच असतात. पाकिटाची पुढची बाजू न वाचता मागची बाजू वाचावी.

रात्रीचे जेवण आठच्या आत आटोपावे. लहानपणी आमच्या गावी रॉकेल वाचावे म्हणून दिवेलागणीलाच पाने मांडत; जैन कुटुंबे तर धर्माज्ञेने सूर्यास्तापूर्वी जेवत. आता शास्त्रज्ञही सांगतात की देहाचे घड्याळ रात्रीकडे झुकले की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, आणि सकाळी खाल्लेल्या भाकरीपेक्षा तीच भाकरी रात्री रक्तात अधिक साखर चढवते. जेवणात वरण पातळ नको, दाट हवे. भात कमी, भाजी जास्त. वाग्भटांनी अष्टांगहृदयात जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वायूला राखून ठेवावा असे म्हटले आहे. तो शेवटचा रिकामा भाग राखणे मला अजून कठीण जाते. जेवणानंतर शतपावली म्हणून पंधरा मिनिटे चालावे, त्याने साखरेचा चढ कमी होतो. आणि जेवण व निद्रा यांत निदान तीन तास जावेत, कारण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप आडवे होताच आम्लाला अडवण्यात कमी पडते. मला पित्ताचा त्रास होता म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून तो सहा इंच उचलला आणि डाव्या कुशीवर झोपण्याची सवय केली. दोन्हींचा उपयोग झाला.

एवढे करूनही रात्री भूक लागली, तर ती खरी आहे का, हे मी एका प्रश्नाने ठरवतो: या घटकेस भाकरीचा तुकडा आणि लसणाची चटणी चालेल काय? चालत असेल तर भूक आहे. तिला अन्न द्यावे, अपराध वाटून घेऊ नये. फक्त शेवच हवी, पेढाच हवा, असे उत्तर आले तर ती ओढ आहे, आणि माझ्या बाबतीत ती बहुतेक वेळा त्या खोलीतल्या एकटेपणाची होती. अशा वेळी मी साताऱ्याला पत्र लिहायला बसे. कित्येकदा जागरण हेच कारण असते: रिकामे जठर घ्रेलिन नावाचा स्राव सोडून मेंदूला भुकेची वर्दी देते; हा स्राव जपानी संशोधकांनी 1999 मध्ये शोधून काढला, आणि अपुऱ्या निद्रेने तो वाढतो असेही आढळले आहे. झोपणे हाच तेव्हा उपाय.

खऱ्या भुकेला माझ्याकडे आज ज्वारीच्या लाह्या असतात, नाहीतर बिनसाखरेचे कोमट दूध अर्धा पेला, किंवा भाजलेले शेंगदाणे; शेंगदाणे मात्र वाटीत मोजून, कारण मूठभरात पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी असतात. जे घ्यायचे ते वाटीत काढून, डबा बंद करून, दुसरे काही काम न करता बसून खावे. डब्यातून थेट खाणाऱ्याला आपण किती खाल्ले हे कळतच नाही.

एक सूचना सर्वांत महत्त्वाची. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर उतरवणाऱ्या काही प्रकारच्या गोळ्यांवर आहेत, त्यांनी माझे पाहून रात्रीचे खाणे बंद करू नये. मध्यरात्री घाम, थरथर आणि खाखा सुटली तर ती साखर 70 च्या खाली घसरल्याची खूण असू शकते. तेव्हा लाह्या-फुटाण्यांचा विचार न करता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटून औषधाची मात्रा तपासून घ्यावी.

माझा पुतण्या हिंजवडीत संगणकाच्या नोकरीत आहे. अमेरिकेच्या वेळेनुसार त्याचे काम रात्री चालते. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. “काका, तुमचं पाचचं गणित मला कसं लागू पडणार? मी तर पाचला उठतो.”

“उठल्यावर काय खातोस?”

“चहा.”

“आणि?”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मी त्याला सांगितले की, त्याचे मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी, सात-साडेसातला झाले पाहिजे, दोन भाकऱ्या आणि उसळ, घाईचा पाव नव्हे. मध्यरात्रीनंतर हलके आणि थोडकेच. आणि कचेरीतल्या यंत्रातले चिप्स काढण्याची वेळ येऊ नये म्हणून टेबलाच्या खणात फुटाण्यांची डबी. “आठवडाभर लिहून ठेव,” मी म्हटले, “काय खाल्लंस आणि कधी. मग पुन्हा फोन कर.” परवा त्याने आपल्या वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले आहे. सोमवार आणि मंगळवार कोरे आहेत, बुधवारपासून मात्र रकाने भरलेले आहेत.