सावली आहे, पण थंडीचं काय?

कोल्हापुरात आंब्या-फणसाखालचा कोपरा म्हणजे घरबागेतली अडगळ; गवतही तिथे धड येत नाही. मंगळवार पेठेतल्या एका हौशी बागवानाने असाच कोपरा जिनसेंगसाठी राखला. या झाडाला ७०-८० टक्के सावली लागते, हे त्याने बरोबर वाचलं होतं. पुढचं वाचायचं राहिलं.

पहिल्या पावसात बी टाकलं. दिवाळी आली तरी वाफा मोकळाच. उकरून पाहिलं तर टरफल शाबूत, आत तपकिरी लगदा. ते बी बहुधा पाकिटातच मेलेलं होतं. जिनसेंगचं बी सुकलं की संपलं. फळातून निघतं तेव्हा त्याचा गर्भ अपक्व असतो; ओल्या वाळूत, आधी उबेत आणि मग थंडीत, ते सुमारे दीड वर्ष ठेवावं लागतं. रोप आलंच, तरी दर हिवाळ्यात काही महिने कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय मुळाला नवा कोंब फुटत नाही. कोरिया, कॅनडातलं ओंटारिओ, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन हे सगळे बर्फाचे मुलूख. कोल्हापुरात जानेवारीची रात्र १४-१५ अंशांवर आली की स्वेटर निघतात. जिनसेंगच्या लेखी ती थंडीच नव्हे.

मग ‘इंडियन जिनसेंग’ म्हणून अश्वगंधा आली. ही वांग्या-टोमॅटोच्या कुळातली, नीमच-मंदसौरच्या उघड्या रानातली. आंब्याखाली ती लुकडी वाढली आणि काळ्या मातीत पाणी साचताच मुळाशी कुजली. तिला गच्चीवरचं ऊन आणि निचऱ्याची कुंडीच हवी.

त्या कोपऱ्यात टिकली ती सफेद मुसळी. मूळची जंगलातल्या झाडांखालची. १९५५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सांतापाव आणि फर्नांडिस यांनी नोंदवताना तिच्या शास्त्रीय नावात चक्क बोरिवली घातली. वीतभर उंच गादीवाफा, मातीत वाळू आणि शेणखत, वर कवडसे पडतील इतकी फांद्यांची छाटणी, एवढी तयारी पुरते. जूनमध्ये लावायची मुळी मात्र डोळ्यासकट हवी. नुसता तुकडा फुटत नाही. पावसाळा सरताना पानं पिवळी पडून लोळतात. रोप गेलं म्हणून उपटू नये. पाणी तोडावं आणि मुळ्यांची साल काळपट झाल्यावरच खणावं.

माल परत घेण्याची हमी देऊन महागडी रोपं गळ्यात मारणाऱ्यांपासून मात्र लांबच राहावं. मुसळीच्या अशाच लाटेत वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातले कितीतरी शेतकरी पोळले. परसापुरत्या चार मुळ्या कुणाकडूनही मागून आणता येतात.