जागा मिळाली, आता सोयी मागा

बारावीचा निकाल लागला की दिव्यांग मुलांच्या घरांत बहुतेक वेळा एकच प्रश्न चर्चेला येतो: 'याला झेपेल असं काय आहे?' पुष्कळ घरांत उत्तरही आधीच ठरलेलं असतं. जवळच्या कॉलेजात बी.ए., मग राखीव जागेतून बँक नाही तर सरकारी नोकरी. मुलाला हेच हवं असेल तर हा रस्ता उत्तम आहे. पण गणितात रमणारी मुलगी केवळ तिला दिसत नाही म्हणून इतिहासाच्या वर्गात जाऊन बसते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून पालकांना माझं सांगणं असं की आधी आवड आणि गती बघा. मग त्या अभ्यासक्रमात नेमकं काय आडवं येणार आहे ते शोधा, आणि ते दूर करण्याची मागणी कॉलेजकडे करा. ही मागणी करण्याचा अधिकार तुमच्या मुलाला कायद्याने दिला आहे.

हा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. पूर्वीच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. अंधत्व, बहिरेपण, अस्थिव्यंग सगळ्यांना माहीत असतं. पण डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाही या यादीत आहेत. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या पालकांनी लक्षात ठेवावं की सिकलसेलही आहे. अनेक घरांना आपलं मूल या यादीत बसतं हेच ठाऊक नसतं.

ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित आहे, त्यांच्यासाठी सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट मिळते. हे समांतर आरक्षण आहे. म्हणजे ओबीसी किंवा अनुसूचित जातीतल्या दिव्यांग विद्यार्थ्याला दोन्हींतून एक निवडावं लागत नाही. विनाअनुदानित खासगी कॉलेजांवर कायद्यातली ही सक्ती नाही, त्यामुळे तिथे त्या प्रवेशप्रक्रियेची माहितीपुस्तिका काय म्हणते ते बघून घ्या. आयआयटीत तर दिव्यांग विद्यार्थ्यांना २०१६ पासून शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे.

या सगळ्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र हवं. अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणी रुग्णालयातच होते आणि तारीख मिळायला वेळ लागतो. प्रवेशाच्या धावपळीत हे काम काढू नका, अकरावीतच उरकून घ्या. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. केंद्रीय नियमांप्रमाणे त्यांची तपासणी आठव्या वर्षानंतर होते, चौदाव्या वर्षी पुन्हा होते आणि अठराव्या वर्षी पुन्हा. अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पण अठरावं वर्ष येतं नेमकं कॉलेजप्रवेशाच्या सुमारास. दहावीला सवलत मिळाली होती म्हणून जुना कागद घेऊन गेलेली मुलं खिडकीवरून परत पाठवली जातात. वैद्यकीय प्रवेशासाठी तर नेमून दिलेल्या केंद्रांचंच प्रमाणपत्र लागतं. मुंबईत हाजीअलीची भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था हे असं एक केंद्र आहे. हे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं पत्रक वाचल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावर विसंबू नका.

वैद्यकीय शिक्षणाबद्दल पालक हल्ली विशेष विचारतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात निकाल दिला. त्याला वाणी आणि भाषेचं दिव्यांगत्व होतं, टक्केवारी चाळीसच्या वर होती आणि तेवढ्यावरून त्याला एमबीबीएससाठी अपात्र ठरवलं गेलं होतं. न्यायालयाने सांगितलं की केवळ टक्केवारी बघून कुणाला नाकारता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकेल का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाने प्रत्यक्ष तपासून कारणांसह लिहावं. 'डॉक्टरकी विसरा' असं कुणी म्हणालं, तर हा निकाल त्याच्यापुढे ठेवा.

प्रवेश झाला की पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. खरं काम इथून पुढे सुरू होतं, कारण राखीव जागेवर नाव लागलं म्हणजे शिकण्याची सोय झाली असं नाही. शाळेत बाई-सर मुलाला ओळखत होते, बोर्डाचा अर्ज शाळाच भरत होती. कॉलेजात साठ-सत्तर जणांच्या वर्गात कुणाला ऐकू येत नाही हे प्राध्यापकांना कळायलाही मार्ग नसतो. कायद्यात वाजवी सोय अशी संकल्पना आहे: दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून, संस्थेवर अवाजवी बोजा न टाकता, करायचे आवश्यक बदल. पण हे बदल कोणते हवेत, हे विद्यार्थ्यानेच सांगावं लागतं. पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. कॉलेजात समान संधी कक्ष असेल तर एक प्रत तिथेही द्या.

अर्जात 'सहकार्य करावे' एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. मागणी नेमकी हवी. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर हलवावा, प्रयोगशाळेत तिच्या उंचीचं एक टेबल द्यावं, आणि तिला जाता येईल असं स्वच्छतागृह उघडं असावं. हे स्वच्छतागृह कित्येक ठिकाणी असतं, पण कुलूपबंद. त्यापायी दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आहेत, हे कॉलेजांनी ऐकायला हवं. कमी ऐकू येणाऱ्या मुलाने लिहावं की शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये आणि टिपणं आदल्या दिवशी मिळावीत. बोलणं मराठीत टिपून दाखवणारं अ‍ॅप आता फोनवर फुकट मिळतं, ते वर्गात वापरण्याची परवानगी मागावी. सांकेतिक भाषेचे दुभाषे फार थोड्या कॉलेजांत मिळतात. ती उणीव खरी आहे, आणि कर्णबधिर मुलांनी प्रवेशाआधीच ही चौकशी करावी.

दृष्टिहीन मुलांसाठी गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदललं आहे. एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर मोफत आहे, ते दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि ते मराठीही वाचतं. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. तिथे पुस्तक नसलं, तर ते स्कॅन करून वाचण्याजोगं करून घेणं पूर्णपणे कायदेशीर आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्व हक्क कायद्यात ही मुभा आली आणि याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. ग्रंथपालांनी 'कॉपीराइट आहे' म्हणून अडवलं, तर हे त्यांना नम्रपणे सांगा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र आहे. याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकलेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील पुढे जेएनयूत गेल्या आणि आयएएस झाल्या. सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती. विज्ञानाचं म्हणाल, तर आंध्रच्या श्रीकांत बोल्ला यांना अकरावीत विज्ञान घेऊ देत नव्हते. ते न्यायालयात गेले, विज्ञान शिकले आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत पोचले.

आता परीक्षा. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. लेखनिक घेतला नाही तरी हा वेळ मिळतो. ज्यांची टक्केवारी चाळीसच्या खाली आहे पण लिहिण्यात खरी अडचण आहे, त्यांनाही लेखनिक नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं. आपला लेखनिक न्यायचा की परीक्षा घेणाऱ्यांनी द्यायचा, याचे नियम परीक्षेगणिक निरनिराळे असतात, तेव्हा आधीच विचारा. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. उत्तर मनात नीट मांडावं लागतं, विरामचिन्हंही बोलावी लागतात. सराव परीक्षा लेखनिकासह द्या. टंकलेखन येत असेल तर संगणकावर उत्तरं लिहिण्याची परवानगी मागा. नोकरीतही तेच कामाला येईल.

हे अर्ज शक्यतो मुलाने स्वतः लिहावेत आणि प्राचार्यांसमोर स्वतः बोलावं. आई-बाबांनी सोबत जरूर जावं, पण शेजारच्या खुर्चीवर बसावं. आजवर तुम्हीच सगळीकडे बोलत आलात आणि त्यामागे किती जीव तुटला आहे हे मला दिसतं. तरीही पुढे वसतिगृहात आणि कार्यालयात मुलालाच बोलायचं आहे, आणि त्याची सवय याच वयात लागते.

पैशांसाठी केंद्राच्या मॅट्रिकोत्तर आणि उच्च श्रेणी शिक्षण शिष्यवृत्त्या आहेत, त्यांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. राज्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर असते. तंत्रशिक्षणाच्या पदवी-पदविकेला जाणाऱ्यांसाठी एआयसीटीईची सक्षम शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार रुपयांची आहे. त्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्व हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं. बँक खातं आधारशी जोडलेलं नाही किंवा उत्पन्नाचा दाखला जुना आहे, अशा क्षुल्लक कारणांनी अर्ज अडकतात. ते जुलैतच तपासून घ्या.

आणि अर्जाला कॉलेजने उत्तरच दिलं नाही तर? सरकारी संस्थेत तक्रार निवारण अधिकारी असणं कायद्याने बंधनकारक आहे, आधी त्याच्याकडे जा. तिथेही दाद लागली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे, गोव्यातही स्वतंत्र राज्य आयुक्त आहेत. साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार या आयुक्तांना आहेत. तक्रारीसोबत पहिल्या आठवड्यातल्या त्या अर्जाची शिक्का मारलेली पोच जोडा.