परवलीच्या शब्दांची पेटी : विश्वासार्ह पासवर्ड मॅनेजरची निवड कशी करावी?

मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि शेजारच्या चिता कॅम्प या वस्त्यांतील कुटुंबांना कागदाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. १९७६ साली मुंबईतील झोपडपट्ट्यांची गणना होऊन झोपडीधारकांना छायाचित्र-ओळखपत्रे, म्हणजे फोटोपास, देण्यात आले. त्याच वर्षी भाभा अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी हलविण्यात येऊन तेथील रहिवाशांचे चिता कॅम्प येथे पुनर्वसन झाले. तेव्हापासून आपल्या निवाऱ्याचा पुरावा जपून ठेवणे हे येथील संसाराचे एक अंगच होऊन बसले. शिधापत्रिका, फोटोपास, वीजदेयक आणि शाळा सोडल्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती ट्रंकेच्या तळाशी ठेवण्याची रीत घरोघरी आढळते. २६ जुलै २००५ च्या महापुरात ज्यांचे कागद भिजले, त्यांना त्या पिशवीची किंमत चांगलीच कळली.

आज या कागदांच्या जोडीला आणखी एक संपत्ती आली आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. विद्यार्थ्याचे महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे खाते, दाखल्यांसाठीचे ‘आपले सरकार’वरील खाते, कामगाराचे भविष्यनिर्वाह निधीचे खाते, बँक, ई-मेल, रेल्वे आरक्षण अशा प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड लागतो. रात्रीच्या पहाऱ्यावर आपला कोण आणि परका कोण हे ओळखण्यासाठी ठरविलेल्या खुणेच्या शब्दास मराठीत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. पासवर्ड म्हणजे नेमका तोच. फरक इतकाच की, पूर्वी एका पहाऱ्यास एक शब्द पुरत असे. आज एका माणसास वीस-पंचवीस शब्द सांभाळावे लागतात.

समस्येचे स्वरूप

इतके शब्द लक्षात राहत नाहीत, म्हणून बहुतेक जण एकच शब्द सर्वत्र वापरतात. २००९ साली ‘रॉकयू’ या अमेरिकन कंपनीकडून तीन कोटी वीस लाखांहून अधिक पासवर्ड चोरीस गेले. ते उघड स्वरूपात साठविलेले असल्याने अभ्यासकांना त्यांची छाननी करता आली. त्यांपैकी दोन लाख नव्वद हजारांहून अधिक पासवर्ड ‘१२३४५६’ हेच होते. एखाद्या क्षुल्लक संकेतस्थळावरून अशी यादी फुटली की, चोर तीच जोडी बँकेच्या, ई-मेलच्या व इतर खात्यांच्या दारावर यंत्राच्या साहाय्याने लावून पाहतात. एका दाराची किल्ली सर्व दारांना चालत असेल, तर सर्वांत कच्चे दार हीच सगळ्या घराची मजबुती ठरते.

आपल्याकडे याखेरीज आणखी एक अडचण आहे. ऑनलाइन अर्ज अनेकदा सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात भरून घेतले जातात. अर्ज भरणारा आपल्या सोयीने पासवर्ड ठरवितो आणि तो त्याच्याच वहीत राहतो. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करावयाचे झाल्यास विद्यार्थ्यास त्या दुकानाकडे धाव घ्यावी लागते. दुकान बंद झाले वा वही हरवली तर अर्जाची मुदत टळून जाण्याची पाळी येते. म्हणजे पासवर्डचा प्रश्न केवळ चोरीचा नाही. आपल्या हक्काच्या वस्तूची किल्ली आपल्या हाती असण्याचा तो प्रश्न आहे.

पेटीचे कार्य कसे चालते?

पासवर्ड मॅनेजर म्हणजे हे सर्व शब्द कुलूपबंद ठेवणारी एक संगणकीय पेटी होय. वापरणाऱ्याने फक्त एक मुख्य पासवर्ड ध्यानात ठेवावयाचा. बाकीचे शब्द पेटी स्वतः तयार करते, साठविते आणि आवश्यक तेथे भरते. चांगल्या पेटीत मुख्य पासवर्डपासून फोनमध्येच एक किल्ली तयार होते व त्या किल्लीने सर्व मजकूर सांकेतिक रूपात बदलला जातो. कंपनीच्या संगणकावर जाते ती बंद पेटी. किल्ली फोनबाहेर पडत नाही.

मुख्य पासवर्डपासून किल्ली बनविताना तीच गणिती क्रिया लक्षावधी वेळा मुद्दाम करविली जाते. वापरणाऱ्यास त्यासाठी क्षणभर थांबावे लागते. परंतु कोट्यवधी शब्द लावून पाहणाऱ्या चोरास प्रत्येक प्रयत्नाला तितकाच वेळ मोजावा लागतो, आणि त्याचे काम अतिशय खर्चाचे होते.

एका मोठ्या चोरीचा धडा

या रचनेची परीक्षा २०२२ साली झाली. ‘लास्टपास’ ही या व्यवसायातील नामांकित कंपनी. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिच्या तांत्रिक विभागात चोरांचा शिरकाव झाला. तेथे मिळालेल्या माहितीच्या आधारे पुढे एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर हल्ला करण्यात आला, आणि अखेरीस ग्राहकांच्या पेट्यांच्या राखीव प्रती चोरीस गेल्या. डिसेंबरमध्ये कंपनीने हे जाहीर केले.

पेट्या चोरीस गेल्या तरी त्या बंद होत्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि अनपेक्षित होता, त्यांच्या पेट्या फोडणे चोरांना अशक्यप्राय होते. ज्यांचा शब्द दुबळा होता, त्यांना धोका होता. शिवाय दोन उणिवा उघडकीस आल्या. पेटीतील संकेतस्थळांचे पत्ते सांकेतिक रूपात नव्हते; त्यामुळे कोणाचे खाते कोठे आहे, हे चोरांना पेटी न फोडताच वाचता आले. तसेच काही जुन्या खात्यांत किल्ली बनविण्याची क्रिया केवळ पाच हजार वेळा किंवा त्याहूनही कमी वेळा होत होती. त्यानंतर तज्ज्ञांनी त्याच पद्धतीसाठी सहा लक्ष वेळांची शिफारस केली आहे.

यावरून निवडीचे मुख्य सूत्र हाती लागते. कोणत्याही कंपनीत चोरी होऊ शकते, असे गृहीत धरावे आणि विचारावे : उद्या या कंपनीचे कोठार लुटले गेले, तर चोरांच्या हाती नेमके काय पडेल? ज्या पेटीच्या बाबतीत ‘निरुपयोगी अक्षरांचा ढीग’ असे उत्तर मिळते, ती विश्वासार्ह समजावी.

निवडीच्या पाच कसोट्या

पहिली कसोटी किल्लीची. ‘मुख्य पासवर्ड विसरल्यास आम्ही तो कळवू’ असे जी कंपनी सांगते, तिच्याजवळ आपल्या पेटीची किल्ली आहे असे समजावे. ‘विसरल्यास आम्हांसही पेटी उघडता येणार नाही’ ही सूचना वाचून भीती वाटते खरी, पण सुरक्षिततेची तीच खूण आहे.

दुसरी कसोटी उघडपणाची. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच असा दंडक सांगितला होता की, गुप्तलेखनाची यंत्ररचना शत्रूच्या हाती पडली तरी किल्ली गुप्त असेपर्यंत संदेश सुरक्षित राहिला पाहिजे. या तत्त्वानुसार ‘बिटवॉर्डन’ आणि ‘कीपास’ यांची संपूर्ण आज्ञावली कोणासही तपासण्यासाठी खुली आहे. त्याबरोबरच बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाली आहे काय आणि तिचा अहवाल प्रसिद्ध झाला आहे काय, हेही पाहावे. बिटवॉर्डनची अशी तपासणी बर्लिनच्या ‘क्युअर५३’ या संस्थेने २०१८ साली केली व अहवाल जाहीर झाला.

तिसरी कसोटी पत्ता ओळखण्याची. चांगली पेटी संकेतस्थळाचा खरा पत्ता पाहूनच पासवर्ड भरते. बँकेसारखे हुबेहूब दिसणारे बनावट पान माणसाच्या डोळ्यांना फसविते, परंतु पत्ता जुळत नसल्याने पेटी तेथे गप्प राहते. पेटीने शब्द भरण्याचे नाकारले, तर तो हाताने भरण्यापूर्वी थांबून विचार करावा.

चौथी कसोटी बाहेर पडण्याच्या वाटेची. २०२५ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘ऑथेंटिकेटर’मधील पासवर्ड साठविण्याची सोय बंद केली, त्याच वर्षी ‘ड्रॉपबॉक्स पासवर्ड्स’ ही सेवाही बंद झाली. म्हणून सर्व शब्द एका फाइलीत काढून दुसऱ्या पेटीत नेता येतात किंवा नाही, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. अशी फाइल उघडी असते. काम होताच ती पुसून टाकावी.

पाचवी कसोटी खर्चाची व सोयीची. साध्या अँड्रॉइड फोनवर जी नीट चालते, जिचे मूल्य परवडते आणि जी घरातील माणसे प्रत्यक्ष वापरतील, तीच पेटी उपयोगाची.

कोणासाठी कोणती?

ज्याच्याजवळ एकच अँड्रॉइड फोन आहे, त्याने फोनमध्ये आधीपासून असलेल्या गूगलच्या पासवर्ड मॅनेजरपासून सुरुवात करण्यास हरकत नाही. ॲपलच्या फोनवर २०२४ पासून स्वतंत्र ‘पासवर्ड्स’ ॲप मिळते. गूगलची पेटी गूगलच्या खात्याशी बांधलेली असल्याने त्या खात्याचा पासवर्ड भक्कम असणे आणि त्यास दुहेरी पडताळणी लावणे अत्यावश्यक आहे.

फोन आणि संगणक दोन्ही वापरणाऱ्या विद्यार्थ्यास किंवा छोट्या व्यावसायिकास बिटवॉर्डनसारखी स्वतंत्र पेटी अधिक सोयीची. तिच्या मोफत प्रकारातही पासवर्डच्या संख्येला मर्यादा नाही. कोणत्याही कंपनीकडे काहीच ठेवावयाचे नसेल, तर कीपासच्या पद्धतीने सर्व पासवर्ड आपल्याच फोनमधील एका कुलूपबंद फाइलीत राहतात. तिची दुसरी प्रत ठेवण्याची जबाबदारी मात्र सर्वस्वी आपली. फोन हरवला आणि प्रत नसली, तर सारेच गेले.

घरातील वृद्धांना यांपैकी काहीच झेपत नसेल, तर प्रत्येक खात्यासाठी वेगळा शब्द वहीत लिहून ती वही घरच्या कपाटात ठेवावी. सर्वत्र एकच शब्द वापरण्यापेक्षा हे निश्चितच बरे. दूर देशी बसलेल्या चोरास कपाटातली वही वाचता येत नाही.

मुख्य पासवर्ड

मुख्य पासवर्डात नाव, जन्मतारीख, फोन क्रमांक वा देवाचे नाव नसावे. ओवी, अभंग वा चित्रपटगीतातील ओळही नको. प्रसिद्ध ओळी चोरांच्या याद्यांत असतात. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये एक सोपी रीत सांगितली. पाच फासे टाकले की ७,७७६ प्रकारची दाने पडू शकतात. तेवढ्या शब्दांची क्रमांकवार यादी करून प्रत्येक दानाला एक शब्द निवडावयाचा. असे पाच शब्द निवडल्यास होणाऱ्या जुळण्यांची संख्या २८ वर अठरा शून्ये इतकी मोठी भरते. सापशिडीचा फासा पाच वेळा टाकूनही एक शब्द निवडता येतो. शब्द मराठी असून रोमन लिपीत टंकित केले तरी चालतील. मात्र निवड फाशाने व्हावी, आवडीने नव्हे. आपले मन जे शब्द सुचविते ते इतरांनाही सुचतात.

हा पासवर्ड ठरावीक मुदतीने उगाच बदलण्याची गरज नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच तशी सक्ती करू नये असे सुचविले. तो कोणास कळल्याचा संशय आल्यास मात्र तत्काळ बदलावा.

एका फोनच्या घरात

एकच फोन आई, वडील आणि मुले मिळून वापरीत असतील, तर पडद्याचे कुलूप सर्वांना ठाऊक असते. अशा घरात पेटीला पडद्याच्या कुलपाहून वेगळे कुलूप लावता आले पाहिजे आणि वापर झाल्यावर ती मिनिटभरात आपोआप बंद झाली पाहिजे. फोन दुरुस्तीस देण्यापूर्वी पेटीतून व ई-मेलमधून बाहेर पडावे. फोन विकताना त्यातील सर्व माहिती पुसून मगच तो हातावेगळा करावा.

यूपीआय पिन आणि एटीएमचा पिन पेटीत ठेवू नयेत. ते लक्षातच ठेवावेत. मुख्य पासवर्ड आणि खाते परत मिळविण्याचे सांकेतिक अंक कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवावेत आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीस ती जागा सांगून ठेवावी. कर्त्या माणसास अपघात झाला, तर विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांचे काम त्यामुळे अडून राहणार नाही.

आरंभ कसा करावा?

प्रथम ई-मेलचा पासवर्ड बदलावा. कारण इतर बहुतेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड त्याच मार्गाने नव्याने ठरविले जातात. त्यानंतर बँक, मग भविष्यनिर्वाह निधी, शिष्यवृत्ती आणि दाखल्यांची खाती घ्यावीत. रोज दोन खाती घेतली तरी पंधरवड्यात काम पुरे होते. दुकानात अर्ज भरून घेताना पासवर्ड स्वतःच्या हाताने टंकित करावा, आणि तो पूर्वी दुसऱ्याने ठरविला असल्यास घरी येताच बदलावा. पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता अधिक.

ज्या वस्त्यांनी एकेक कागद जपून आपला हक्क सिद्ध केला, त्यांना जपणुकीचा हा नवा प्रकार अवघड जाऊ नये. ट्रंकेची किल्ली आपण दुकानदाराकडे ठेवीत नाही. शिष्यवृत्तीच्या आणि निधीच्या खात्याची किल्लीही आपल्याच घरी असली पाहिजे.