भूमिगत पाण्याचा जमाखर्च
दाते, व्यापारी व जमीनदार यांच्या विचारार्थ

दुष्काळपीडितांस अन्न, गुरांस वैरण व तहानलेल्या गांवांस पाणी पोंचविण्याच्या कार्यास ज्या उदारधी सद्गृहस्थांनीं साहाय्य केलें, त्यांचे आम्ही मंडळाच्या वतीनें ऋणी आहों. कित्येक दात्यांनीं असें सुचविलें आहे कीं, टँकरवर पैसा वेंचण्यापेक्षां गांवोगांव नवीन बोअर घेऊन द्यावे, म्हणजे दुष्काळाचें मूळच खणून निघेल. सूचना सद्धेतूची आहे. परंतु ती अमलांत आणण्यापूर्वीं जमिनीखालीं पाणी असतें तरी किती, हें पाहणें अवश्य आहे. नीरा नदीचें खोरें याविषयीं उत्तम धडा देतें.

या खोऱ्यांत वर माती, तिच्याखालीं मुरूम व त्याखालीं काळा पाषाण अशी रचना आहे. पाणी राहतें तें मुख्यत्वें मुरमांत व खडकाच्या भेगांत. पाताळांत अक्षय्य सांठा आहे ही समजूत निराधार होय. जिरायत भागांत पाऊस सालीना सुमारें ५०० मिलिमीटर; पैकीं जेमतेम दहावा हिस्सा, म्हणजे ५० मिलिमीटर, जमिनींत मुरतो. पाटानें भिजविलेल्या उंसास मात्र वर्षाकाठीं सुमारें २,००० मिलिमीटर पाणी लागतें. सर्व पाऊस उंसालाच लाभला असें धरलें, तरी उरलेलें १,५०० मिलिमीटर विहिरींतून काढावें लागतें. हिशेब ढोबळ आहे. पण त्याचा अर्थ असा कीं, एक एकर उंसापायीं तीस एकरांत मुरलेलें पाणी खर्चीं पडतें. अशा स्थितींत नवा बोअर म्हणजे नवें पाणी नव्हे. एकाच रांजणांत बुडविलेलें तें आणखी एक भांडें होय. ज्याचा बोअर खोल त्यास पाणी लागतें, आणि शेजारच्या गरिबाची उथळ विहीर आटते.

कालव्याचा इतिहासहि हेंच सांगतो. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा बांधला गेला व १८८५ सालीं सुरू झाला. अवर्षणांत ज्वारी-बाजरी वांचवावी, हा मूळ हेतु. परंतु बऱ्या पावसाच्या सालीं शेतकरी पाणी घेईनात, व सरकारास तर पाणीपट्टीचें उत्पन्न हवें होतें. म्हणून उंसास उत्तेजन मिळालें. त्यापासून संपत्ति आली हें खरें. पण निचरा नसलेल्या कित्येक काळ्या जमिनी पाणथळ होऊन चोपण बनल्या. आणि त्याच बारामती तालुक्याच्या जिरायत गांवांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागली. एकाचें शेत पाण्यानें नासावें व दुसऱ्याची घागर कोरडी राहावी, हा केवळ पर्जन्याचा दोष नव्हे; तो वांटणीचाहि दोष आहे.

कायद्याच्या व्यवसायांत आम्हीं आयुष्य घालविलें, म्हणून दोन शब्द त्याविषयीं. १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यानें, निश्चित प्रवाहानें न वाहणारें भूमिगत पाणी आपल्या हद्दींत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकास मान्य केला. पुढें १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरांच्या आंत विनापरवाना विहीर घेण्यास मनाई झाली. आणि २००९ च्या भूजल कायद्यानें शेतीकरितां ६० मीटर वा त्याहून खोल विहिरी घेण्यास बंदी घातली. परंतु गांवाची संमति नसेल तर असे निर्बंध कागदावरच राहतात.

ती संमति अशक्य नाहीं. नीरेस मिळणाऱ्या कऱ्हेच्या खोऱ्यांत, पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीची पद्धति घालून दिली. पाण्याचा वांटा जमिनीवर नव्हे, तर कुटुंबांतील माणसांवर, दर माणशीं अर्ध्या एकरापुरतें पाणी, व कुटुंबास अडीच एकरांची मर्यादा, भूमिहीनांसहि हक्क, आणि उंसास मज्जाव. पाणी वाढलें नाहीं तेथेंहि धान्य वाढूं शकतें, हें त्या प्रयोगानें दाखविलें.

म्हणून आमची विनंति अशी कीं, दात्यांनीं आपला पैसा बोअरसाठीं न देतां पाझर तलाव, नालाबांध व जुन्या तळ्यांतील गाळ काढण्याकडे लावावा. आणि जें गांव पिण्याचें पाणी आधीं राखील व विहिरीवर ऊंस न घेण्याचा ठराव करील, त्यास प्रथम साहाय्य व्हावें. तोंपर्यंत टँकर चालविणें प्राप्तच आहे, व त्यासाठींहि द्रव्य हवें. व्यापारी बंधूंस सांगावयास नको कीं, जमेपेक्षां खर्च अधिक असलेली पेढी किती दिवस चालते. जमीनदार बंधूंस मात्र द्रव्याहून कठीण दान मागावयाचें आहे: कायद्यानें दिलेला उपशाचा हक्क शेजाऱ्याच्या घागरीसाठीं स्वेच्छेनें आंखडता घ्यावा. हें दान ज्याच्या पदरीं पडेल, त्यास पुढल्या दुष्काळांत आमच्या दारीं यावें लागणार नाहीं.